हीटरकाकू

ऑक्टोबर महिना, रस्त्यावर पाय ठेवला तर चप्पल चिकटेल असं ऊन, आणि वरच्या मजल्यावरून खणखणीत आवाज: "हीटिंग लावलंस का? खोटं बोलू नकोस." दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये मी नवा होतो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वरच्या बाईंचं डोकं उन्हानं फिरलंय. ज्या गावात माणसं एसीच्या मेकॅनिकचा नंबर बायकोच्या नंबरआधी पाठ करतात, तिथे ही बाई हीटिंगची चौकशी कुणाकडे करते? बिल्डिंगमधली पोरं त्यांना हीटरकाकू म्हणायची. काकूंना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

काकू मूळच्या वाईच्या. लग्न होऊन इंग्लंडात लेस्टरला गेल्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको बघायची नोकरी त्यांनी तिथे तीस वर्षं केली. काका गेले, मग गुडघे गेले, तेव्हा मुलाने त्यांना दोह्याला आणलं. मुलगा गॅस कंपनीत इंजिनीअर, सून बँकेत. नातू मराठी ऐकायचा आणि इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा. नोकरी संपली होती, पण काकूंना ते पटलेलं नव्हतं. लेस्टरच्या पाच-सहा म्हाताऱ्या मैत्रिणी त्यांनी दोह्यात बसून फोनवरून सांभाळायला घेतल्या होत्या.

मी नाशिकचा, आयटीतला आणि एकटा. एवढ्यावर काकूंनी मला धरलं. इथे नेहमीच्या ॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाहीत. लागणारं ॲप मी त्यांच्या फोनवर टाकून दिलं आणि कायमचा अडकलो. संध्याकाळी ऑफिसातून आलो की वर जायचं, फोन उभा करून द्यायचा आणि थालीपीठ खायचं. समोर दिसणाऱ्या बाईला काकू आधी म्हणायच्या, "हा कर." ती कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून श्वास सोडायची. घरातल्या घरात वाफ दिसली की काकूंचा आवाज चढायचा. मी हसायचो, तर म्हणाल्या, "हसतोस काय? माणूस लपवेल, श्वास कसा लपवेल?"

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे लीलाताई. काकूंची पंचेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, नवरा नाही, मूल नाही, पेन्शन बेताची. त्यांचा एक नियम होता: हीटिंग पाहुण्यांसाठी. घरी कुणी आलं की लावायचं, एरवी ओव्हरकोट घालून बसायचं. हे काकूंना माहीत होतं, म्हणून फोन लावल्या लावल्या त्या बजावायच्या, "मी आलेय हं, पाहुणी." लीलाताई मुकाट उठून बटण दाबायच्या. एकदा मात्र कॉल मध्येच तुटला. दहा मिनिटांनी लागला तर लीलाताई कोटात, आणि तोंडातून वाफ. पाहुणी गेली म्हणून त्यांनी हीटिंग बंद करून टाकलं होतं.

काकू चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन बंद करायचंच सोडून दिलं. दुपारी लावायचा आणि ओट्यावर डब्याला टेकून ठेवायचा. इकडे काकू भाजी निवडतायत, तिकडे लीलाताई विणतायत. तासन्‌तास दोघी अक्षर बोलायच्या नाहीत. पाहुणी उठत नाही म्हटल्यावर हीटिंग बंद करायची सोय नव्हती. सून म्हणाली, आई, हे काय नवीन खूळ? मी मात्र त्या दिवशी थालीपीठ हातात घेऊन नुसता बघत राहिलो. अशी माणसं मी पाहिली नव्हती, खरंच सांगतो.

पण हीटिंगचं बिल तर लीलाताईंच्याच माथी येणार होतं. तिथलं सरकार म्हाताऱ्यांना हिवाळ्यात हीटिंगसाठी मदत देतं. पूर्वी ती सगळ्यांना आपोआप मिळायची. त्या वर्षी ती फक्त कमी पेन्शनवाल्यांपुरती ठेवली, आणि त्यासाठी आधी एक मोठा अर्ज करावा लागणार होता. मुदत नाताळाच्या आधीची. लीलाताई ऐकेनात. मी काय भिकारी आहे का, सरकारपुढे हात पसरायला, म्हणून त्यांनी दोन दिवस फोनच उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "लीला, हात पसरू नकोस. शाळेत हजेरी द्यायचीस ना, तशी दे. सरकारला कळायला नको का, तू अजून आहेस ते?" मग लीलाताई चष्मा शोधायला उठल्या.

अर्ज भरायला पाच संध्याकाळी गेल्या. प्रश्न मी वाचायचो, काकू ते मराठीत सोडवून सांगायच्या, लीलाताई लिहायच्या. लिहिताना काकूंनी इकडे एसी सोळावर ठेवला आणि शालही घेतली नाही. म्हणाल्या, ती तिकडे बारीक हीटिंगवर कुडकुडत लिहिणार आणि मी मजेत सांगणार, हे बरं दिसतं का? मी स्वेटर घालून वाचत होतो, दोह्यात.

जानेवारीत मदत आली. काकूंनी बिल्डिंगभर शिरा वाटला. संध्याकाळी फोन लावला तर लीलाताई खुशीत. पैसे आख्खे ठेवलेत, म्हणाल्या, तुझ्या नातवाच्या मुंजीला त्यातून चांदीचं ताम्हन-पळी करायची. पाहुणी समोर असूनही हीटिंग बंदच होतं; त्यांच्या बोलण्याबरोबर पांढरी वाफ येत होती.

मग काकू जे बोलल्या ते त्यांनी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. "आम्हीही हेच केलं, लीला. दरसाल पैसे यायचे आणि आम्ही ते बाजूला टाकायचो. नातवाच्या बारशाला दोह्याचं तिकीट काढायचं म्हणून. हे घरात मफलर बांधून बसायचे. तिकीट झालं, आणि त्याच महिन्यात ह्यांची छाती भरली. मी जगाची घरं उबदार ठेवत हिंडले गं, आणि माझ्या घरात माणूस गारठून गेला." लीलाताई रडायला लागल्या. मुलगा दारात उभा होता, तो तसाच आत निघून गेला. मला कुठे बघावं कळेना.

चौथ्या दिवशी काकू निघाल्या. बसता-उठता गुडघे धरणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, सगळं जग थंडी चुकवायला दोह्यात येतं तेव्हा, ऐन जानेवारीत लेस्टरला. मुलाने भांडून पाहिलं, डॉक्टरांना मध्ये घातलं. काकूंचं एकच: फोनवरची पाहुणी तिला पुरत नाही. विमानतळावर मीच सोडायला गेलो. मुलगा सोबत होता, पण गाडी चालवण्याच्या मनःस्थितीत नव्हता. व्हीलचेअरवर बसताना काकूंनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी जे करता आलं नाही ते करून येते. रागावू नकोस." त्याने वाकून नमस्कार केला. मीही केला, आणि केला तो वयाला नव्हे.

काकू परत आल्या नाहीत. त्या लीलाताईंकडेच राहिल्या. मार्चमध्ये एका संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला आणि मलाही वर बोलावून घ्यायला सांगितलं. पडद्यावर दोघी शेजारी शेजारी, साध्या सुती साड्यांत, कोट नाही, मफलर नाही. लीलाताईंनी हीटिंगच्या बिलाचा कागद कॅमेऱ्याला टेकवला आणि दम लागेपर्यंत हसत म्हणाल्या, "बघा रे, जन्मात एवढं बिल आलं नव्हतं." मुलाने तो आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि ओंजळीत तोंड झाकून घेतलं.