सातवीतल्या नाथाचं निलंबन

शाळा सोडताना नाथाच्या दाखल्यावर 'वर्तणूक : उनाड' असा शेरा पडला होता. पुढे नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत साहेबमंडळी गुण बघायच्या आधी तो शेराच एकमेकांना दाखवायची. शेवटी ज्या शाळेनं शेरा मारला, तिनंच त्याला लिपिक म्हणून ठेवून घेतलं. मखमलाबादच्या मळ्यांना लागून असलेल्या त्या शाळेत नाथानं पहिल्याच दिवशी ठरवलं, आपल्या हातून एकाही पोराचा दाखला नासणार नाही.

म्हणून दर महिन्याच्या शिस्तभंग अहवालात तो 'निरंक' लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे काहीच घडलं नाही. पोरांनी वर्गात बैल घुसवला, बैलानं भारताचा नकाशा खाल्ला, तरी निरंक.

१९९८ साली मंजुषाबाई नव्या शिक्षणाधिकारी म्हणून आल्या. असली संतांची शाळा त्यांना काही पटेना. त्यांचं पत्र आलं : प्रकरणं दडपू नका, आठ दिवसांत गुन्हे नावानिशी कळवा, दाखल्यावर तसा शेरा घेण्यात येईल.

नाथाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस तो पत्रासोबत आलेल्या कोऱ्या तक्त्याकडे नुसता बघत बसला, आणि मग त्याची कळी खुलली. तक्त्यात नाव होतं, इयत्ता होती, गुन्हा होता, पण साल विचारलंच नव्हतं! त्यानं झरझर लिहिलं : नाथा सहादू, इयत्ता सातवी. गुरुजींची छडी विहिरीत टाकली. शाळेची घंटा पळवली. शाळेमागच्या वाफ्यातली गाजरं उपटली. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

कार्यालयातून उलट टपाली आदेश आला : विद्यार्थी सात दिवस निलंबित, पालकासह हजर राहावे.

वडील वारून वीस वर्षं झालेली. मग पन्नाशीचा नाथा आईला, लंकाबाईला, घेऊन कार्यालयात गेला.

"विद्यार्थी कुठाय?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"ह्यो काय. काय केलं यानं?" लंकाबाई म्हणाली.

बाईंनी गोंधळून यादी वाचली. गाजरं आली तशी लंकाबाई ताडकन उठली. "शाळंमागं तर आपलाच वाफा! आन् मी सदतीस वर्सं त्या शेजारच्या चिमणाबाईशी बोलत नाय, तिनंच उपटली असं समजून!" तिनं नाथाचा कान धरला.

"यापुढे असं करणार नाही, अशी हमी द्या आजी," बाई हसू दाबत म्हणाल्या.

"याची हमी? मी नाय देनार."

"पण तुम्ही स्वतःचं नाव का दिलंत?" बाईंनी नाथाला विचारलं.

कान आईच्या मुठीत, तशातच नाथानं खिशातून पिवळा पडलेला दाखला काढून पुढे ठेवला. "पोरांचं असं होऊ नये म्हणून, बाई."

बाईंनी शेरा वाचला. त्यांचं हसू मावळलं. अहवालावर काट मारून त्यांनी 'निरंक' लिहिलं. मग जुन्या दाखल्यावर 'उनाड'च्या खाली लिहिलं, 'वर्तणूक : चांगली', आणि सही करून शिक्का मारला. नाथाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

कान मात्र सुटला नाही. लंकाबाईनं त्याला तसाच धरून थेट चिमणाबाईच्या दारात उभा केला.