तलावाचं पाणी घेऊन वाशिमला

नात पुन्हा जुलाबांनी आडवी पडली, तेव्हा ठरवलं, पाणी तपासायचंच. आमचं घर रिसोडला, वस्तीमागच्या तलावाला लागून. तलावात गटार उतरतं, त्यामुळे त्याचं पाणी खराब हे मला ठाऊकच होतं. धाकधूक होती ती काठावरच्या आमच्या विहिरीची. नळ कधीमधी येतो, म्हणून पितो तिचंच. ती यांनी स्वतः खोदली होती. हे गेले, पण ते पाणी अजून त्यांच्याच हातचं वाटतं.

शेजारणीनं वाशिमच्या प्रयोगशाळेतून बाटल्या आणल्या होत्या. एक तलावावर भरली, एक विहिरीवर. बर्फाच्या डब्यात ठेवून सकाळची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट असल्यानं गर्दी असते, लवकर जा.

"मावशी, डब्यात मासोया हायेत काय?" कंडक्टरनं विचारलं.

"तलावाचं पानी हाय."

"काहून? वाशिमले दुष्काय पडला काय?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण डबा मांडीवरून हलवला नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बाटल्या इसळल्या काय?"

"मंग? न इसळता पानी भरते काय कोनी?"

"अवं मावशी, त्या आतून जंतू मारूनच देतो आमी! अन् तोंड?"

"पदरानं पुसलं. सोच्छ."

"आता जंतू इहिरीचे का पदराचे, मी कसं सांगू?"

नव्या बाटल्या घेऊन परत फिरले. स्टँडवरची भजी गरम होती. तुम्ही गेलात तर खा, मी न घेताच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी हात साबणानं धुतले, झाकणाला आतून बोट लावलं नाही. तरी विहिरीवर बाटली विसळायला हात निघालाच होता. आवरला. गाडीत तोच कंडक्टर.

"आजबी पानीच?"

"आजबी."

"घरी कोनाले बरं नाई काय?" त्यानं हळूच विचारलं आणि पुढची जागा मोकळी करून दिली.

जंतू वाढून दिसायला वेळ लागतो. तोवर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. शेवटी कळलं, विष्ठेतले जंतू दोन्ही पाण्यांत आहेत.

"आत्याबाई, इहिरीचा दोर मी काढू काय?" सुनेनं विचारलं.

"राहू दे. मीच काढतो."

रहाटावरचा दोर सोडून घरात आणला. नळाचं पाणी उकळून गार केलं. मग माठ विसळायला घेतला आणि पाय विहिरीकडेच निघाले.