तिरका पाट आणि गुलाबी मलम

बाटल्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे हातधुवे काका म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. सत्तावीस वर्षं हा माणूस दर तासाला कोपरापर्यंत साबण चोळून हात धूत आला आणि दुसऱ्यांच्या हातांकडे बघून नाक मुरडत आला. कोणी तळलेलं खाऊन त्याच्या टेबलाजवळ आलं की म्हणायचा, "लांब हो बाबा, शिसारी येते तुझी."

त्याला कारणही होतं. गरम बाटलीवर आधी कथिलाची वाफ बसते, बाटली निवली की मेणाच्या पातळ पाण्याचा फवारा. डोळ्यांना न दिसणारा तो थर नसला तर बाटल्या सरकत्या पट्ट्यावर एकमेकींना घासून त्यांच्यावर चरे पडतात, आणि चरा पडलेली बाटली पुढे गॅसचं सरबत भरताना कुणाच्या तरी तोंडावर फुटते. हा थर तपासणं काकाचं काम. दोन बाटल्या आडव्या ठेवायच्या, त्यांच्यावर तिसरी, आणि खालचा पाट हळूहळू तिरका करायचा. थर चांगला असला की वरची बाटली लवकर घसरते. बोटांचा तेलकटपणा लागला तरी ती तशीच घसरते, म्हणून तो सगळा साबणाचा सोस.

तर अशा माणसाने काय करावं? हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं, तेव्हा बायकोने गुलाबी मलमाची नळी त्याच्या पिशवीत टाकली. "लावा गपचूप. उशीच्या अभ्र्याला डाग पडतात तुमच्या हातांचे." त्याने लावलं. हात धुतल्यावर जास्त आग व्हायची, म्हणून धुतल्यावर लगेच लावलं. जगाच्या बोटांचा वास घेत फिरणाऱ्या या महाभागाला स्वतःची बोटं मात्र आठवली नाहीत.

चार दिवस सगळा माल पास झाला.

पाचव्या दिवशी पॅकिंगवाली म्हणाली, "काका, पट्ट्यावर बाटल्या किंचाळतायत हो. कान किटले माझे." काकाने बोटं नाकाशी नेली. गुलाबाचा वास. त्याने तीनदा हात धुतले, मलमाकडे बघितलंही नाही, आणि नव्या बाटल्या मांडल्या. पाट वीस अंशांवर गेला, तीसवर गेला, तरी वरची बाटली जागची हलेना. जाऊन बघतो तर फवाऱ्याचं तोंड मेणाने बुजलेलं, तेही आजचं-कालचं नव्हे.

तो तडक मॅनेजरकडे गेला. "चार दिवसांचा माल थांबवा साहेब. त्याच्यावरच्या माझ्या सह्या खोट्या आहेत." आणि घडलं ते सगळं सांगितलं.

मॅनेजर दात कोरत होता. काडी न काढताच त्याने विचारलं, "कोणतं मलम म्हणालात?"

"गुलाबी. बायकोने दिलेलं."

"छान आहे की. मागवून ठेवू."

काकाला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर सहा नळ्या ओळीने उभ्या होत्या. फवारा अजून बुजलेलाच होता. त्याला विलक्षण किळस आली. मॅनेजरची आलीच, पण स्वतःची जास्त आली, कारण मलमाच्या बोटांनी माल पास करायची ही युक्ती त्यानेच त्या माणसाच्या हातात नेऊन दिली होती.

दुपारी सरबतवाल्या कंपनीची तपासनीस बाई माल न्यायला आली. मॅनेजर हसत हसत तिच्यापुढे सह्यांचे कागद करत होता. काकाने ढिगातल्या दोन बाटल्या उचलल्या आणि तिच्या कानाशी एकमेकींवर घासल्या. अशी कर्कश किंचाळी निघाली की बाई दचकून मागे सरली.

"हे काय?"

"कोरडी काच आहे बाई. कागदावर सही माझी आहे, ती धरू नका."

बाईने एकही बाटली उचलली नाही. काकाला तपासणीवरून काढून मागच्या अंगणात टाकलं. तिथे नापास बाटल्या फोडून पुन्हा भट्टीत ढकलतात. पहिला ढीग त्याच्याच चार दिवसांचा होता. मॅनेजर मुद्दाम तिथवर आला आणि एक नळी त्याच्या खिशात कोंबून म्हणाला, "आता लावा हवं तेवढं. आता कुठे तपासायचंय तुम्हाला?"

काकाने नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग नळावर जाऊन भेगाळलेले हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि येऊन पहिली बाटली फोडली.