लाइपझिगमधलं स्वस्त गेस्टहाऊस आणि केतकीच्या दाराबाहेरचे बूट

सगळं बदललं ते सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोच्या लिफ्टमध्ये. पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग, हातात कुणाच्या तरी लाक्सा नूडल्सची गरम पिशवी आणि फोनवर केतकीचा मेसेज: "ये ना लाइपझिगला. पण माझ्याकडे राहता येणार नाही हं. एखादं गेस्टहाऊस बघ."

लिफ्ट वर जाईपर्यंत तो वाचला. खालीही वाचत वाचतच आलो. लाक्सा हातातच होता, म्हणून परत वर गेलो. 'ये ना' खरं धरायचं की 'राहता येणार नाही' खरं धरायचं? आणि शेवटचं ते 'हं' कशासाठी होतं? जेवण घेणाऱ्या बाईंनी बहुतेक काहीतरी विचारलं, मी बहुतेक काहीतरी चुकीचं उत्तर दिलं.

ओळख करून देतो. केतकीचे बाबा इथल्या बंदरावर मरीन इंजिनिअर, त्यामुळे ती सिंगापूरचीच. आमची ओळख कॉलेजात झाली. ती डिग्री घेऊन मास्टर्सला जर्मनीत गेली आणि मी, माझी डिग्री अर्धी असतानाच, कॉलेज सोडलं. घरी मी बरीच कारणं दिली. खरं कारण एवढंच, की त्या कॅन्टीनमध्ये एकटं बसवेना. तेव्हापासून दादा-वहिनीकडे बुकित पंजांगला राहतो आणि सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. साठवलेलं सगळं या ट्रिपवर लावायचं ठरवलं होतं. तिला समोर बसवून विचारायचं होतं, आपलं पुढे काय. बाकी युरोप वगैरे सगळं तोंडी लावायला.

आता कामाचं. माझ्यासारखा इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, पण भारतीय पासपोर्टवाला असाल तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि व्हिसाला राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा तिकिटाआधी तिकडे बघा. लाइपझिगमध्ये हॉटेलं महाग, हॉस्टेलं स्वस्त पण एका खोलीत आठ जण. लष्करातल्या सक्तीच्या नॅशनल सर्व्हिसमध्ये असल्या खोल्यांत पुरेसं घोरणं ऐकलंय, पुन्हा नको होतं. शेवटी लिंडेनाऊ भागातलं एक गेस्टहाऊस सापडलं. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाथरूम आणि स्वयंपाकघर सामायिक, भाडं हॉटेलच्या निम्मं.

एवढं स्वस्त म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड होतं. फोटोत खाट होती, खिडकी होती, पण दाराचा फोटो नव्हता. दाराचा फोटो का नाही? मालकीणबाई, फ्राऊ वायगेल, यांना मेल केला. उत्तर आलं: या, किती वाजता पोचाल ते कळवा, घरात घालायच्या चपला घेऊन या, पैसे आल्यावर द्या.

"अॅडव्हान्स मागत नाहीये," मी दादाला म्हटलं. "काहीतरी गडबड आहे."

दादा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "मागच्या हॉस्टेलने अॅडव्हान्स मागितला तेव्हा तू स्कॅम म्हणालास. ही मागत नाही तरी स्कॅम. तुला खोली हवीय की पोलीस केस?"

दादाला हसायला काय जातंय. ज्या शहरात प्रत्येक एमआरटी मेट्रो स्टेशनवर 'फसवले जाऊ नका' अशी पोस्टर्स लावलेली असतात, तिथे वाढलेल्या माणसाने एका अनोळखी म्हातारीवर असाच विश्वास ठेवायचा? मी केतकीला सांगितलं, तू जाऊन बघून ये. ती गेली. व्हिडिओ पाठवला. खाट, टेबल, खिडकी, दारसुद्धा. सगळं ठीक होतं, फक्त व्हिडिओ फार स्थिर होता. केतकीचा हात कधी स्थिर नसतो, तिने काढलेल्या माझ्या प्रत्येक फोटोत मला दोन नाकं असतात. मग हा कोणी काढला? व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. बुकिंग केलं.

आखातात विमान बदलून फ्रँकफर्ट. तिथून लाइपझिगला ट्रेनने तीन-साडेतीन तास. हे तिकीट आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी त्याच सीटचे दुप्पट-तिप्पट जातात. माझी ट्रेन उशिरा आली आणि डब्यात कुणाच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही, म्हणजे हे नेहमीचं असावं.

लाइपझिगचं स्टेशन अवाढव्य. प्लॅटफॉर्मच्या टोकाला केतकी उभी होती, केस कापलेले. केस कापल्याचं मला माहीत नव्हतं. तिने मिठी मारली ती एका हाताने, दुसऱ्या हातात सायकलचं हेल्मेट होतं. हेल्मेट खाली ठेवता आलं असतं.

"दमलास?"

"नाही."

"दमलायस. चल, ट्रॅम आली."

ट्रॅमला गेट नाही, कार्ड टेकवायला काही नाही. माणसं नुसती चढतात आणि बसतात. मी म्हटलं, हा सापळा आहे. केतकी म्हणाली, "आहेच. साध्या कपड्यातले तपासनीस असतात. तिकीट काढ." त्या अख्ख्या प्रवासात माझा एवढा एकच संशय बरोबर निघाला.

फ्राऊ वायगेल सत्तरीच्या, ताठ, कापलेले पांढरे केस. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीतल्या चपलांकडे, मग हसल्या. मोडक्या इंग्रजीत घराचे नियम सांगितले: दहानंतर आवाज नाही, काचेच्या बाटल्या वेगळ्या, खिडकी सकाळी पाच मिनिटं पूर्ण उघडायची. चादरीचे पैसे वेगळे, शहराचा कर वेगळा. बघा, निघालं की नाही, असं मी मनात म्हणतच होतो, तेवढ्यात त्यांनी ते मेलमध्ये खाली लिहिलेलं होतं हे दाखवलं. केतकी गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझी मैत्रीण दोनदा येऊन गेली. गरम पाणी येतं का, हीटर चालतो का, सगळं पाहिलं. व्हिडिओ मी काढला. तिचा हात फार हलतो."

त्या खाटेवर मी इतका गाढ झोपलो, की सिंगापूर सोडल्यापासूनची सगळी झोप एकदम वसूल झाली. दोनदा येऊन गेली. नको असलेल्या माणसासाठी कोणी हीटर तपासतं का?

दुसरा दिवस रविवार. लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट बंद म्हणजे बंद, स्टेशनातली काही तेवढी उघडी असतात. शनिवारीच पाव, अंडी, दूध आणून ठेवलं असतं तर सामायिक स्वयंपाकघरात अगदी स्वस्तात भागलं असतं. मी बेकरीत एक पाव आणि कॉफी घेतली. टेबल धरायला खुर्चीपुढे टिश्यूचं पाकीट ठेवून ऑर्डर द्यायला गेलो, आपल्याकडे हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, ठेवतात तसं. परत आलो तर पाकीट कचऱ्यात आणि टेबलावर एक आजी-आजोबा. मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. आजोबांनी शांतपणे खिशातून स्वतःचा टिश्यू काढून मला दिला. त्यांना वाटलं, मला सर्दी झालीय.

केतकी संध्याकाळी भेटणार होती. दिवसभर प्रोजेक्टचं काम, म्हणाली. मी कालव्याकाठी भटकलो. जुन्या विटांच्या गिरण्या, आता त्यांत घरं झालीत, पाण्यात बदकं, काठावर बिअर घेऊन बसलेली पोरं. दुपारी वाटलं, संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? वहिनीने केतकीसाठी मेतकूट दिलं होतं, ते घेतलं आणि तिच्या पत्त्यावर गेलो. खालचं दार कोणीतरी बाहेर पडताना उघडं धरलं. मी वर चढलो.

तिच्या दाराबाहेर बूट होते. पुरुषाचे, चामड्याचे, मोठे, घासलेले. शेजारी खोका, त्यात पुस्तकं आणि वर एक तवा.

माझं काम काय आहे ते सांगितलंच आहे. हाऊसिंग ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये प्रत्येक दारापुढे चपला असतात आणि त्यांवरून मला घरातलं सगळं कळतं. पाहुणे आहेत, भाडेकरू बदललाय, आजी गावाहून आल्यात, नवरा रागावून निघून गेलाय. माझा अंदाज सहसा चुकत नाही. इथे तर चुकायला जागाच नव्हती. बूट, पुस्तकं, तवा. कोणीतरी राहायला आलं होतं. म्हणून मला गेस्टहाऊस.

बेलपर्यंत हात गेला आणि खाली आला. मेतकूट घेऊन मी जिना उतरलो.

संध्याकाळी ती कालव्याकाठच्या बाकावर आली, दोघांसाठी फलाफल घेऊन. मी हात लावला नाही.

"काय झालं तोंडाला?"

"बूट कोणाचे?"

"कुठले बूट?"

"नाटक करू नकोस. तुझ्या दाराबाहेरचे. आणि तो खोका. तवासुद्धा घेऊन आलाय वाटतं, चांगलाय, पोळ्या येतात का त्याला?"

"तू माझ्या दारापर्यंत आला होतास?"

"हो."

"आणि बेल नाही वाजवलीस."

"मी काय विचारलं?"

"समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांचं सामान आहे ते, मिहिर. इथे नको असलेल्या गोष्टी बाहेर मांडून ठेवतात, ज्याला हवं तो नेतो. आमच्या मजल्यावर सगळे तिथेच ठेवतात. तव्यावर माझाच डोळा होता."

हे इतकं साधं होतं की मला ते पटलंच नाही. मी म्हटलं, "मग मला तुझ्याकडे का नको?"

"व्हिसाला बुकिंग लागतं."

"ते सोड."

"बरं, सोडलं." तिने फलाफलचा कागद नीट घडी केला. "तू माझ्याकडे उतरला असतास तर मला बोलता आलं नसतं. मी चहा दिला असता, जेवण केलं असतं, तू तिथेच असतास. मग बोलणार कधी?"

"कोण आहे?"

"कोणी नाही."

"फक्त नाव सांग. मी काही करणार नाही."

"नाव नाहीये. कोणी असतं ना, तर फोनवरच सांगितलं असतं, तू मला चार शिव्या दिल्या असत्यास आणि संपलं असतं. कोणी नाहीये. आणि तरी मला हे पुढे न्यायचं नाहीये. हे फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून ये म्हटलं."

"मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं."

"मी सांगितलं होतं? तू ते सगळ्यांना सांगतोस. माझी आईसुद्धा मला विचारते, त्याचं काय करणार आहेस. मी काय करणार, मिहिर? मी तुझं कॉलेज नाहीये."

मी आरडाओरडा केला. बदकं पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावरची दोन पोरं वळून पाहू लागली आणि केतकी त्यांना हाताने काही नाही, काही नाही असं सांगत राहिली.

मग ती उठली. "वर चल. बघून घे."

मी गेलो. दाराबाहेर बूट नव्हते, खोकाही नव्हता. कोणीतरी घेऊन गेलं होतं, तवासुद्धा. आत तिची पोलिश फ्लॅटमेट भांडी घासत होती, ओल्या हातानेच तिने मला हाय केलं. केतकी म्हणाली, "ही माझी खोली, हे बाथरूम, हे कपाट. बघ." मी दारातच उभा राहिलो. आत पाऊल टाकलं असतं, सगळं उलटंपालटं केलं असतं आणि काहीच सापडलं नसतं तर मग काय करायचं होतं? मी मेतकुटाची पुडी तिच्या हातात दिली. तिने भात लावला. आम्ही तिघांनी मेतकूट-भात खाल्ला. फ्लॅटमेटने दोनदा घेतला.

उरलेले दिवस मी एकटाच फिरलो. लाइपझिग पायी फिरण्यासारखं आहे, ट्रॅमचा पास काढायची गरज सगळ्यांनाच नसते. दिवसाचं तिकीट पुरतं. फ्राऊ वायगेल रोज सकाळी खिडकी उघडली का बघायला यायच्या. मी ती उघडलेली नसायची, त्या उघडायच्या, थंडी आत यायची. एकदा त्यांनी विचारलं, "मैत्रीण येत नाही?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी माझ्या टेबलावर एक उकडलेलं अंडं होतं आणि त्याचे पैसे शेवटपर्यंत बिलात आले नाहीत. कोणी लाइपझिगला जाणार असाल तर असंच घरगुती गेस्टहाऊस घ्या, दोन मेल आधी लिहा, नियम पाळा, चपला न्या. राहण्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

बुकित पंजांगला परतलो तेव्हा वहिनीने आमटी-भात केला होता. जेवताना मी सगळं सांगितलं, बुटांसकट. सांगून झाल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, रागावू नका, पण असल्याशिवाय कोणी असं करत नाही."

"साधी गोष्ट आहे," दादा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बूट कसे गायब झाले? तू बघून गेलास म्हणूनच ना?"

"आणि गेस्टहाऊस बघ म्हणाली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं," वहिनी म्हणाली. "तुम्ही खुशीत होता, म्हणून बोलले नाही."

ऐकायला बरं वाटत होतं. माझ्या मनातलं सगळं दुसऱ्यांच्या तोंडून येत होतं, तेही माझ्यावरच्या मायेने. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर त्या दोघांनी मला एक माणूस उभा करून दिला असता, चामड्याचे बूट घातलेला, उंच, ज्याचा मी आयुष्यभर राग करू शकलो असतो. मला तो हवा होता. लाइपझिगच्या बाकावर मी तिच्याकडे तोच तर मागत होतो.

"कोणी नाहीये, वहिनी," मी म्हटलं.

"तुम्ही भोळे आहात, भावोजी."

मला आजवर कोणी भोळा म्हटलेलं नाही.

"ती म्हणाली कोणी नाही, म्हणजे कोणी नाही. तिला मी नको होतो, एवढंच आहे ते. पुन्हा तिच्याबद्दल असं बोलू नका."

दादा काहीतरी म्हणायला लागला होता. वहिनीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, हात धुतले, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.