माझा गळका पडदा

वाघोलीच्या कॉलेजात अर्ज करताना माझा विषय मी मोठ्या थाटात लिहिला होता: पाणी, उष्णता, क्षार पदार्थातून कसे पार होतात, आणि त्यासाठी नवे पदार्थ कसे घडवायचे. रुजू झाल्यावर कळलं, इथे पार होतं ते फक्त एका मुलाच्या प्रयोगाच्या जर्नलातलं दुसऱ्याच्या जर्नलात.

प्रयोग साधा. खारं पाणी पंपाने एका पातळ पडद्यातून ढकलायचं आणि पलीकडे किती मीठ गेलं ते मोजायचं. यंदाचा पडदा मी स्वतः बनवलेला. तरी मुलांची रीडिंग्ज मागच्या बॅचशी दशांशापर्यंत जुळत होती. म्हणजे पडदा जन्मायच्या आधीच त्याचे आकडे तयार! मी एकाही जर्नलवर सही केली नाही.

विभागप्रमुख सर शनिवार पेठेतले, आवाज कधी न चढवणारे. म्हणाले, "अहो मॅडम, सोमवारी तपासणी समिती येतेय. जर्नलं पूर्ण हवीत. आपण अजून कायम झालेल्या नाहीत, हे आपल्या लक्षात असेलच."

"लक्षात आहे," मी म्हणाले. आत मात्र धाकधूक होती. आईने अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना पोरगी कायम झाली म्हणून आधीच कळवून टाकलं होतं.

पण शिकताना मीही आकडे जुळवले होते. त्याची शिक्षा पीएचडीत मिळाली. एका पडद्याचा आकडा पुस्तकापेक्षा वेगळा आला, मला वाटलं माझंच चुकलं, आणि तो पडदा मी फेकून दिला. तो चांगला होता, हे पुढे कळलं. त्याची चीड अजून जात नाही.

मुलांना सगळं पुन्हा करायला लावलं. आकडे भयंकर आले. माझाच पडदा गळत होता. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बघताय काय? लिहा," मी म्हणाले, आणि खाली सह्या ठोकल्या.

सोमवारी समितीतल्या एका बाईंनी जर्नल उघडलं. "इतकं मीठ पलीकडे गेलं?"

"हो मॅम," एक मुलगी म्हणाली. "आमच्या मॅमचा पडदा लीक आहे. पण रीडिंग खरं आहे."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

समिती गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "आपलं कायम होण्याचं आता पुढच्या वर्षी बघू."

"बघा. पुढच्या वर्षीही आकडे येतील तेच लिहिले जातील."

राग आणि भीती दोन्ही घेऊन मी प्रयोगशाळेत परत आले. ती मुलगी रडवेली होऊन उभी होती. "मॅम, माझ्यामुळे झालं ना? तुम्ही सांगा, आम्ही सगळी जर्नलं जुळवून देतो."

"खबरदार," मी म्हणाले. "एप्रन घाल. पडदा कुठे गळतो ते शोधायचंय."