काचेवर उरलेल्या गोळ्या

ज्या दुपारची मला अजून भीती वाटते, ती सुरुवातीला अगदी साधी होती. सदाशिव पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट होते. शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती, घरोघरी कोणी ना कोणी कॉम्प्युटरचा क्लास लावत होतं, आणि आमच्या मालकांनीही काउंटरवर एक कॉम्प्युटर आणून बसवला होता. तो फक्त मला चालवता यायचा. मालक त्याच्याकडे लांबूनच बघायचे, बिनबोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे.

आमच्याकडे रांग अशी नसायचीच. आसपास दवाखाने पुष्कळ. माणसं चिठ्ठी पुढे करायची, "काढून ठेवा, आलोच" म्हणायची आणि बँकेत नाहीतर मंडईत निघून जायची. पूर्वी मालक प्रत्येकाची चिठ्ठी आणि औषधं एकेका पत्र्याच्या ताटलीत ठेवत. गिऱ्हाईक परत येईपर्यंत औषधांवरून चिठ्ठी हलवायची नाही, हा त्यांचा दंडक. कॉम्प्युटर आला आणि मी त्या ताटल्या माळ्यावर टाकायला लावल्या. आता एक बिल अर्धवट ठेवून दुसरं उघडता यायचं. मी एका वेळी पाच-सहा बिलं उघडी ठेवायचे आणि चिठ्ठ्या तिथल्या तिथे परत करायचे. काउंटरच्या काचेवर मी आकडे चिकटवले होते. पडद्यावर बिल ज्या क्रमांकावर, त्याच आकड्यावर त्याची औषधं. एक बिल पुरं झालं की मागची बिलं पडद्यावर आपोआप एकेक घर पुढे सरकत. काचेवरची औषधं मात्र मला हाताने सरकवावी लागत.

"एखाद्या दिवशी विसराल," मालक म्हणाले होते. मी हसले होते. माझ्या स्मरणशक्तीचा मला भारी माज होता.

दुकान एक ते चार बंद. त्यामुळे चिठ्ठी देऊन गेलेले सगळे एकला पाच मिनिटं कमी असताना धापा टाकत यायचे. त्या दिवशी शेवटी तीन बिलं उघडी राहिली होती. पहिलं मी पुरं केलं, तेवढ्यात मालकांनी अर्धं शटर ओढत मला काहीतरी विचारलं. काय ते आता आठवत नाही. औषधं सरकवायची राहिली. पुढे विश्रांतवाडीचे एक आजोबा उभे होते. दर महिन्याला बायकोच्या हृदयाच्या गोळ्या न्यायचे. गोळ्या कालच संपल्या, आज घरी गेलो की जेवण झाल्या झाल्या देतो, असं सांगत होते. पडद्यावर त्यांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. मी काचेवरच्या दोन आकड्यावरच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि त्यांना दिल्या.

शटर पडलं. मालक जेवायला आणि झोपायला वर घरी गेले. मी डबा उघडला आणि सहज नजर गेली. पडद्यावर एक बिल उरलं होतं, ते एका बाईंच्या साखरेच्या गोळ्यांचं. काचेवर तीन आकड्यावर हृदयाच्या गोळ्या उरल्या होत्या.

ज्या म्हातारीला मधुमेह नाही, तिने त्या गोळ्या घेतल्या तर साखर उतरून ती बेशुद्ध पडेल, आणि घरच्यांना वाटेल डोळा लागलाय. मी मागच्या दाराने बसस्टॉपपर्यंत धावले. बस गेली होती. त्यांच्या डॉक्टरांकडे फोन लावला, पण दवाखानाही एकला बंद झालेला. घंटा नुसती वाजत राहिली. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आजोबांचं नाव होतं, पत्ता नव्हता. पत्ता मालकांच्या जुन्या वहीत असणार होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत, आणि ती वही वर त्यांच्या कपाटात होती.

मी जिना चढायला लागले. चौथ्या पायरीवर थांबले. मालकांना उठवायचं म्हणजे सगळं सांगायचं. नोकरी जाईलच, पण त्याहून जास्त ते एक वाक्य ऐकावं लागेल, विसराल म्हणालो होतो. मी खाली आले. आता आजोबा घरी पोचलेच असतील, वही मिळून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते; बसला तासभर लागायचा, रिक्षा आधी पोचली असती, आणि मला ते माहीत होतं.

अंधाऱ्या दुकानात मी तीन तास बसले. दोन वाजता वाटलं, आता ताटं वाढली असतील. अडीचला वाटलं, आता पाण्याचा पेला हातात घेतला असेल. बाहेर रस्त्यावर कुणाची चाहूल नव्हती. डबा तसाच राहिला.

चारला मालकांनी शटर उचललं आणि समोर आजोबा उभे होते, हातात तीच पिशवी. बायकोला वाचता येत नाही, त्यांनी सांगितलं, पण तिच्या गोळ्या बारक्या, गुलाबी असतात. या पांढऱ्या बघून तिने तोंडच उघडलं नाही.

"गर्दीत मीच कुणाची तरी पिशवी उचलली असेल, ताई," ते म्हणाले. "माफ करा हं."

मालक माझ्याकडे बघत होते. मी हृदयाच्या गोळ्या पुढे केल्या आणि म्हणाले, "असू द्या आजोबा. होतं असं."

मी त्यांना माफ केलं. ते दोनदा आभार मानून, तिला सकाळपासून दम लागतोय म्हणत घाईघाईने बसकडे गेले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या यायच्या दिवशी मी आधीच त्यांच्या नावाचं बिल उघडलं आणि गोळ्या काढून ठेवल्या. ते आले नाहीत. रोज संध्याकाळी ते बिल रद्द करायचं आणि सकाळी पुन्हा उघडायचं, असा मी क्रमच लावला. त्याच्या पुढच्या महिन्यातही ते आले नाहीत.

एके दिवशी मालकांनी माळ्यावरून ताटल्या काढल्या आणि पुसायला घेतल्या. हे कोणाचं बिल रोज उघडं असतं, त्यांनी विचारलं. मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी हातातली ताटली पुसून काउंटरवर ठेवली.

"पत्ता आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "देऊ का?"

मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.