गुरुजींचा पूर्ण पट

साइटवर सिमेंट नेहमी कमी पडतं, किस्से मात्र पोत्यांनी उरतात! मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर आम्ही शाळा बांधली. वादळात न उडणारी, भूकंपात न पडणारी. आता मी ठाण्याच्या एसी ऑफिसात बसून ड्रॉइंग काढते. पण चारचा चहा आला की त्या माणसांची अशी आठवण येते, की चहा गार होऊन जातो.

*

पहिल्याच भेटीत मी गुरुजींना म्हटलं, "जुनी शाळा दाखवता?"

गुरुजींनी आधी भिंती दाखवल्या. मग वादळात उडालेले पत्रे दाखवायला पाडाभर फिरवलं. "हा तिसरीचा वर्ग," म्हणाले. पत्रा एका गोठ्यावर होता!

"परत नाही मागितलात?"

"त्यांचंही छप्पर गेलं होतं ना. आणि मॅडम, हे बैल आमच्या पोरांपेक्षा रेग्युलर आहेत!"

दिवाळी झाली की इथली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गुरुजी पुढच्या वर्षी जानेवारीअखेर रिटायर होणार होते. त्यांची मागणी एकच. "त्याआधीच्या दिवाळीपूर्वी छप्पर घाला. एक दिवस पूर्ण पट समोर बसवून हजेरी घ्यायचीय."

*

वर्गाला मी पश्चिमेकडे झकास मोठी खिडकी काढली होती. डोंगर दिसावा म्हणून! चुन्याची आखणी बघायला पाड्यावरची जानीआजी आली. तिचं कारवीच्या काड्यांच्या कुडाचं घर त्या वादळातही उभं राहिलं होतं. आखणीभोवती एक चक्कर मारून, पाऊस झोडपतो त्या खिडकीच्या बाजूला हात करून तिने विचारलं, "बाय, पान्याला कंच्या वर्गात बसवशील?"

खिडकी मुकाट्याने पूर्वेला गेली.

*

सलीमचाचा आमचे जव्हारचे सुतार. "इतक्या शाळांची दारं बसवली, आत एकदाही बसलो नाही," असं हसत सांगायचे.

भूकंपासाठी भिंतींना सगळीकडून सलग पट्टा कसा लागतो, हे आमचे इंजिनिअर कदम सर अर्धा तास समजावत होते. चाचा म्हणाले, "सर, सरळ सांगा ना, शाळेला करगोटा बांधायचाय!"

पुढे तपासणीला साहेब आले, तेव्हा कदम सरांच्याच तोंडून निघालं, "सर, करगोटा लेव्हलपर्यंत काम पूर्ण!"

*

आता माझा पराक्रम. छपराचे बांबू तोडायच्या वेळी जानीआजीने बजावलं होतं, "अंधाऱ्या पखात तोड. चांदन्यातल्या बांबूला कीड लागं." मी हसले. मला शेड्यूल होतं ना! भर पौर्णिमेला तोडणी उरकली.

पुढचा पावसाळा सरता सरता बांबूंतून पीठ गळायला लागलं. सगळे बाद! नवे तोडायला अंधारा पक्ष गाठावा, तर समोर दिवाळीचीच अमावास्या; म्हणजे दिवाळीआधीचं छप्पर हुकलं.

गुरुजी एवढंच म्हणाले, "असू द्या." रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

*

छप्पर चढलं ते त्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी. तोच गुरुजींचा शेवटचा दिवस. पाड्यातल्या निम्म्या घरांना कुलपं, वर्गात एकही पोर नाही. मागे राहिलेली म्हातारी माणसं नवी शाळा बघायला आली आणि गार जमिनीवर टेकली.

गुरुजी खुर्चीत बसले. सवयीने हजेरीपट उघडला.

"सुनीता."

जानीआजीने नातीचं नाव ऐकलं. "हजर," ती म्हणाली.

मग पुढचं नाव, पुढचे आजोबा. एकेक नाव, एकेक "हजर". मी दारात उभी होते, मला रडू आवरेना.

शेवटचं नाव आलं. "काशिनाथ."

काशिनाथच्या घराला कुलूप होतं. मागे कुणी म्हातारंही नव्हतं. गुरुजी पेन धरून थांबले.

वर शिडीवर सलीमचाचा शेवटचा वासा ठोकत होते. त्यांचा हातोडा थांबला.

"हजर, गुरुजी!"

गुरुजींनी मान वर केली नाही.

"खाली उतर," ते म्हणाले. "जागेवर बस."